पट्ट्यावरचा फॉर्म : लंडन रुग्णवाहिका सेवा १९९२, गरजा गोळा करण्याच्या कामाचा एक प्रकरण अभ्यास

२६ ऑक्टोबर १९९२ रोजी पहाटे लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने आपल्या मध्यवर्ती नियंत्रण कक्षात गाड्या पाठवण्याची नवी संगणकीय यंत्रणा पूर्णपणे सुरू केली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती अर्धी मागे घ्यावी लागली. ४ नोव्हेंबरच्या पहाटे ती साफ बंद पडली आणि कक्षाचे काम पुन्हा कागद, फोन आणि वायरलेसवर आले. मधल्या काळात, २८ ऑक्टोबरला, सेवेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला होता. स्वतंत्र चौकशी समितीचा सविस्तर अहवाल फेब्रुवारी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून हे प्रकरण सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या वर्गांत शिकवले जाते, बहुतेक वेळा ‘सॉफ्टवेअर कोसळले’ या सदराखाली.

मी ते वेगळ्या सदरात ठेवतो, आणि त्याचे कारण त्याच अहवालात आहे. २६ आणि २७ ऑक्टोबरला संगणक यंत्रणा तांत्रिक अर्थाने बंद पडलेली नव्हती, असे समितीने नोंदवले आहे. प्रतिसादाला अधूनमधून फार वेळ लागत होता हे खरे, पण एकंदरीत यंत्रणा तिची आखणी ज्यासाठी झाली होती तेच करत होती; घातक दोष त्या आखणीतच होते. ज्याने कधी काळी गरजांचा दस्तऐवज, म्हणजे यंत्रणेने काय करायला हवे हे ठरवून सांगणारा मसुदा, लिहिला आहे, त्याला हे वाचून अस्वस्थ व्हायला हवे, कारण सांगितले तसे तयार झाले, चालूही झाले, आणि तरीही रुग्णापर्यंत गाडी वेळेवर पोहोचली नाही. मग चूक सांगण्यातच होती. ती सांगताना काय विचारायचे राहिले, याचा शोध हा या लेखाचा विषय आहे.

कागदावर चालणारा कक्ष

कामाचा पसारा आधी पाहू. त्या वेळी ही सेवा सहाशे चौरस मैलांहून थोड्या मोठ्या प्रदेशाला पुरत होती. तिथली निवासी लोकसंख्या सुमारे ६८ लाख होती आणि दिवसा ती आणखी वाढत असे. दिवसाला पाच हजारांहून अधिक रुग्णांची ने-आण होई. कक्षात रोज २,००० ते २,५०० कॉल येत आणि त्यांपैकी १,३०० ते १,६०० कॉल ९९९ या आपत्कालीन क्रमांकावरचे असत. म्हणजे चोवीस तासांची सरासरी धरली तरी मिनिटाला साधारण एक आपत्कालीन कॉल, आणि गर्दीच्या वेळी त्याहून कितीतरी जास्त.

कॉल घेणारा कर्मचारी माहिती एका छापील फॉर्मवर लिहून घेत असे. पत्ता ऐकून तो नकाशांच्या पुस्तकात ती जागा शोधायचा आणि तिचा नकाशा-संदर्भ फॉर्मवर टिपायचा. भरलेला फॉर्म सरकत्या पट्ट्यावर ठेवला, की तो खोलीच्या मधोमध एका ठिकाणी जाऊन जमा होई. तिथे बसलेली व्यक्ती फॉर्म उचलून वाचत असे, तो कोणत्या विभागाचा हे ठरवत असे आणि त्या विभागाच्या वाटप करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे देत असे. वाटप करणाऱ्यापुढे प्रत्येक गाडीच्या नोंदींची पेटी असायची. वायरलेसवरून कळलेली गाडीची जागा आणि स्थिती त्या नोंदींवर लिहिलेली असे, आणि ती पाहून कोणती गाडी पाठवायची हे तो ठरवत असे. शेवटी फॉर्म पाठवणी करणाऱ्याकडे जाई. गाडी ठाण्यावर उभी असेल तर तो ठाण्याला फोन करी, रस्त्यावर असेल तर वायरलेसवरून निरोप जाई. १९७४ पासून लागू असलेल्या राष्ट्रीय मानकानुसार या सगळ्या प्रवासाला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागू नये आणि लंडनसारख्या शहरात ९५ टक्के आपत्कालीन कॉलच्या बाबतीत गाडी १४ मिनिटांच्या आत रुग्णाजवळ पोहोचावी, अशी अपेक्षा होती.

या पद्धतीतले दोष उघड होते. पत्ता अर्धवट सांगितला गेला की नकाशात शोधण्यात वेळ जाई. कागद हातोहात फिरवावे लागत. एकाच अपघाताबद्दल चार जणांनी फोन केला, तर ते चारही कॉल एकाच घटनेचे आहेत हे ओळखणे माणसाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून असे. ‘गाडी अजून का आली नाही’ असा पुन्हा फोन आला, की कॉल घेणाऱ्याला खुर्ची सोडून वाटप करणाऱ्याकडे विचारायला जावे लागे. नवी यंत्रणा हवी होती यात दुमत असण्याचे कारण नव्हते.

पण मघाच्या वर्णनातल्या एका जागेपाशी थोडे थांबायला हवे. पट्टा जिथे संपतो तिथे बसलेली ती व्यक्ती. तिच्या कामाचे वर्णन एका वाक्यात करायचे, तर ‘फॉर्म गोळा करून विभागवार वाटणे’ असे होईल, आणि गरजा गोळा करणारा माणूस ते तसेच लिहून पुढे जाईल. प्रत्यक्षात खोलीतला प्रत्येक नवा कॉल या एका माणसाच्या डोळ्यांखालून जात असे. दोन फॉर्मवरचे पत्ते वेगळे लिहिलेले असले, तरी चौक एकच आहे हे तो ओळखी आणि दुसरा फॉर्म बाजूला काढी. दुबार कॉल गाळण्याचे काम पट्ट्याच्या टोकाला होत होते आणि ते माणसाच्या नजरेने होत होते. शेजारी शेजारी बसलेले वाटप करणारे एकमेकांशी बोलून अडलेली पाठवणी सोडवत, तेही कुठल्या कार्यपद्धतीत लिहिलेले नसणार. कागद हळू होता, तरी प्रत्येक टप्प्यावर एक माणूस तो वाचत होता आणि चूक दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्त करत होता.

दस्तऐवज

या प्रकल्पामागे एक अपयश आधीच उभे होते. संगणकीकरणाचा पहिला प्रयत्न १९९० मध्ये सोडून द्यावा लागला होता. त्यावर सुमारे ७५ लाख पौंड खर्च झाले होते आणि यंत्रणा अपेक्षित भार पेलू शकत नाही, असे चाचणीत दिसले होते. त्यातच १९८९-९० मध्ये ब्रिटनमधल्या रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांचा वेतनावरून दीर्घ संघर्ष झाला होता. व्यवस्थापन आणि गाडीवरचे कर्मचारी यांच्यातला विश्वास तळाला गेला होता, आणि नेमक्या याच वेळी नव्या यंत्रणेच्या गरजा लिहायला घेतल्या गेल्या.

१९९० च्या अखेरीस सुरू झालेले हे काम १९९१ च्या सुरुवातीला पूर्ण झाले. ते सेवेच्या व्यवस्थापनातले अधिकारी, माहिती यंत्रणा पाहणारे व्यवस्थापक आणि कंत्राटी विश्लेषक यांच्या गटाने केले. गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींना निमंत्रणे गेली होती, पण त्यांचा प्रत्यक्ष सहभाग फारच थोडा राहिला. अहवालाने याचे कारण तेव्हाच्या ताणलेल्या संबंधांत शोधले आहे, आणि ते पटणारे आहे. पण विश्लेषकाच्या, म्हणजे गरजा गोळा करून लिहिणाऱ्याच्या, दृष्टीने निमंत्रण पाठवल्याची नोंद आणि माहिती मिळाल्याची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीतली बटणे दाबणाऱ्या ज्यांच्या बोटांनी यंत्रणेला दर काही मिनिटांनी खबर मिळणार होती, ते लोक टेबलाशी आले नाहीत. अशा वेळी दस्तऐवजाच्या पहिल्याच पानावर ‘हा भाग अपुऱ्या माहितीवर आधारलेला आहे’ असे लिहिणे भाग असते. तसे लिहिले, की पुढच्या प्रत्येक वाचकाला त्या रिकाम्या जागेची जाणीव राहते. न लिहिल्यास पानांची संख्याच पूर्णतेचा पुरावा ठरते.

आणि पाने भरपूर होती. दस्तऐवज अतिशय तपशीलवार होता आणि यंत्रणा कशी चालावी हे त्यात इतके काटेकोर ठरवून टाकले होते, की पुरवठादारांना स्वतःच्या कल्पना मांडायला वाव उरला नव्हता. त्याच वेळी इतर यंत्रणांशी, विशेषतः वायरलेसच्या दळणवळण यंत्रणेशी, संगणकाचा सांधा कसा जुळणार याबद्दलचा तपशील तुटपुंजा होता. हा विरोधाभास मी अनेक दस्तऐवजांत पाहिला आहे. लिहिणाऱ्याला जे डोळ्यांपुढे दिसते, म्हणजे पडदे, रकाने, याद्या, त्यावर तो मनापासून लिहितो. दोन यंत्रणांच्या मधल्या जागेचा मालक कुणीच नसतो, म्हणून तिथे दोन ओळी पडतात.

मूळ गरज साधी होती: कॉल आल्यापासून तीन मिनिटांत योग्य गाडी निघाली पाहिजे. तिच्या जागी दस्तऐवजात एक उपाय येऊन बसला. कॉल घेण्यापासून गाडी पाठवण्यापर्यंतची पूर्ण साखळी संगणकाने चालवावी, गाडीची निवड शक्यतो त्यानेच करावी आणि माणसाने फक्त गुंतागुंतीच्या प्रसंगी लक्ष घालावे. तीन मिनिटांतला किती वेळ नकाशा शोधण्यात जातो, किती कागदाच्या प्रवासात आणि किती गाडी निवडण्यात, हे आधी वेगवेगळे मोजून पाहिले असते, तर कदाचित पत्ता शोधणे आणि फॉर्म पडद्यावरून पाठवणे एवढ्यानेच बराच वेळ वाचतो असे दिसले असते. निवडीचा निर्णय माणसाकडेच ठेवून सुरुवात करता आली असती. पण उपाय एकदा गरजेच्या वेषात दस्तऐवजात शिरला, की त्यावर प्रश्न विचारणे म्हणजे गरजेलाच विरोध करणे असे दिसू लागते.

व्यवस्थापनाची आणखी एक अपेक्षा होती, आणि मला ती सगळ्यांत महाग पडलेली वाटते. गाड्यांवर आणि ठाण्यांवर रुळलेल्या काही कामाच्या पद्धती बदलायला हव्यात असे वरिष्ठांना वाटत होते, आणि नवी यंत्रणा आली की ते बदल तिच्यामुळे आपोआप होतील असा त्यांचा समज होता. कर्मचाऱ्यांना मात्र ती हातपाय बांधणारी वाटली आणि बांधलेल्या हातांनीही ते आपापल्या सोयीची लवचीकता टिकवत राहिले. सॉफ्टवेअरवर शिस्तीची जबाबदारी टाकायची असेल, तर ती उघडपणे गरज म्हणून लिहावी लागते, तिच्यावर संबंधितांशी बोलावे लागते आणि शिस्त पाळली गेली नाही तर यंत्रणेने काय करायचे हेही ठरवावे लागते.

पैसा आणि तारीख

याबद्दल थोडक्यात. यंत्रणा ८ जानेवारी १९९२ पर्यंत पूर्ण व्हावी असे ठरले होते आणि ही तारीख बदलणार नाही, असे पुरवठादारांना सांगितले गेले. अनेकांनी या मुदतीबद्दल शंका व्यक्त केली होती. खर्चाचा सुमारे १५ लाख पौंडांचा अंदाज एका आधीच्या सल्ला-अहवालातून आला होता. तो आकडा तयार पॅकेज घेण्यापुरता होता आणि सगळे नव्याने बांधायचे झाल्यास खर्च व वेळ दोन्ही बरेच वाढतील, असे त्याच सल्ल्यात म्हटले होते. आकडा पुढे आला, अट मागे राहिली. एकूण १७ प्रस्ताव आले आणि त्यांतून निवडलेल्या गटाची निविदा ९,३७,४६३ पौंडांची होती. ती पुढच्या निविदेपेक्षा सुमारे सात लाख पौंडांनी स्वस्त होती.

गरजा गोळा करणाऱ्याने इथे लक्षात घ्यायचे ते एवढेच, की मुदत आणि रक्कम या दोन्हीही गरजाच आहेत. ‘ही तारीख कुठून आली’ आणि ‘हा आकडा कोणत्या अटीवर आला’ हे प्रश्न त्याच्याच कामात मोडतात. त्या तारखेपर्यंत यंत्रणा पूर्ण झाली नाहीच. मग १९९२ मध्ये ती तुकड्यातुकड्यांनी आणली गेली: आधी कॉल पडद्यावर घेऊन कागदावर छापायचे, मग विभागवार काही भाग जोडायचे. कर्मचाऱ्यांचे बरेचसे प्रशिक्षण मूळ वेळापत्रकानुसार आधीच उरकले होते, त्यामुळे यंत्रणा प्रत्यक्ष हातात आली तोवर शिकलेले पुष्कळसे विसरले गेले होते.

ते दोन दिवस

२६ ऑक्टोबरला तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या. विभागवार काम थांबून संपूर्ण लंडनचे काम एकत्र झाले, कक्षातली बसण्याची रचना बदलली आणि कागदी व्यवस्थेचा आधार काढून घेतला गेला. वर्षानुवर्षे ज्यांच्याशी बोलून अडचण सोडवली, ते सहकारी आता शेजारी नव्हते. पट्ट्याच्या टोकाची ती व्यक्तीही नव्हती. यंत्रणेत ज्ञात पण न सुटलेल्या ८१ त्रुटी होत्या. त्या दोन दिवसांत घटना किंवा रुग्ण नेहमीपेक्षा फार वाढले होते असेही नाही. दिवस साधारण तसेच होते.

यंत्रणेला नेमकी गाडी निवडायची तर प्रत्येक गाडी कुठे आहे आणि कोणत्या स्थितीत आहे, हे जवळजवळ अचूक ठाऊक असणे आवश्यक होते. ते कळत नव्हते, आणि न कळण्याची कारणे अनेक होती. शहरात काही ठिकाणी रेडिओ लहरी पोहोचत नव्हत्या. रुग्णाला सांभाळण्याच्या धावपळीत कर्मचारी स्थितीची बटणे दाबायला विसरत, किंवा चुकीच्या क्रमाने दाबत. काही संदेश वाटेतच हरवत. गाडीची जागा कळवणारी काही उपकरणे नादुरुस्त होती. कधी नोंद एका गाडीची असे आणि कर्मचारी बाहेर पडत दुसरी घेऊन. कधी ज्या गाडीला कॉल दिला तिच्याऐवजी दुसरीच धावून जाई.

यातली प्रत्येक चूक छोटी आहे. जुन्या कक्षात वाटप करणाऱ्याने वायरलेसवर ‘तुम्ही कुठे आहात’ असे विचारले की ती मिटत असे. नव्या यंत्रणेत तिचे चक्र सुरू झाले. जी गाडी मोकळी आहे ती संगणकाला गुंतलेली दिसली, म्हणून वाटपासाठी गाड्या कमी उरल्या. गाड्या कमी म्हणून लांबची गाडी निवडली गेली किंवा एकाच ठिकाणी दोन गाड्या गेल्या. हिशेब जुळेना म्हणून यंत्रणेने अपवादाच्या सूचना, म्हणजे ‘इथे माणसाने लक्ष घालावे’ असे सांगणारे संदेश, काढल्या. सूचनांना वेळेत उत्तर मिळाले नाही म्हणून त्यांच्यावर आणखी सूचना निघाल्या. यादी इतकी लांबली, की जुन्या पण तातडीच्या सूचना पडद्याच्या वर सरकून दिसेनाशा झाल्या आणि त्या ओझ्याने यंत्रणाही मंदावली. तिकडे गाडी आली नाही म्हणून लोकांनी पुन्हा फोन केले. ते कॉल नवे म्हणून नोंदले गेले आणि यादी आणखी वाढली. चिडलेल्या कर्मचाऱ्यांनी बटणे दाबणे आणखी कमी केले, आणि चक्र पुन्हा पहिल्या टप्प्यावर आले.

२७ तारखेला दुपारी व्यवस्थापनाने कॉल संगणकावर घेणे चालू ठेवले आणि पाठवणी पुन्हा माणसांच्या हाती दिली. पुढचे काही दिवस त्या पद्धतीने बरे चालले. ४ नोव्हेंबरला पहाटे दोनच्या सुमारास यंत्रणा मंदावत मंदावत थांबली. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी काम करताना एका प्रोग्रॅमरकडून कोडचा एक तुकडा मागे राहिला होता आणि तो सर्व्हरची मेमरी थोडी थोडी अडवत गेला होता. राखीव सर्व्हरने सूत्रे घेतली नाहीत, कारण अर्ध्या कागदी पद्धतीत तो कसा काम करील हे कधी पाहिलेच गेले नव्हते. ही चूक निखळ प्रोग्रॅमिंगची आणि चाचणीची आहे. ऑक्टोबरच्या दोन दिवसांशी तिची गल्लत करू नये.

न विचारलेले प्रश्न

या प्रकरणाचा गाभा मला एका वाक्यात दिसतो: ‘यंत्रणेला प्रत्येक गाडीचे ठिकाण आणि स्थिती ठाऊक असेल.’ दस्तऐवजात अशा धाटणीची वाक्ये फार निरुपद्रवी दिसतात. ती गरजेसारखी वाचली जातात. पण सॉफ्टवेअर लिहिणारा हे वाक्य खरे करू शकत नाही. ते खरे ठरेल की नाही, हे धावत्या गाडीतल्या माणसाच्या बोटावर, इमारतींच्या आड अडणाऱ्या रेडिओ लहरींवर आणि सकाळी ठाण्यावर कोणती गाडी सुरू होते यावर ठरते. ही बाहेरच्या जगाबद्दलची समजूत आहे. गरजा आणि समजुती एकाच यादीत, एकाच व्याकरणात लिहिल्या गेल्या, की समजूत तपासायची असते हेच विसरले जाते.

तपासायची कशी, याचा एक छोटा हिशेब करून पाहू. तो अहवालातला नाही. कागदाच्या मागच्या बाजूला कुठल्याही विश्लेषकाला करता येईल असा आहे. दिवसाला १,५०० आपत्कालीन घटना धरा. प्रत्येक घटनेत कर्मचाऱ्याने निघालो, घटनास्थळी पोहोचलो, रुग्णालयाकडे निघालो, तिथे पोहोचलो आणि मोकळा झालो, अशी पाच वेळा खबर द्यायची असे धरा. दिवसाला ७,५०० खबरा झाल्या. कर्मचारी अत्यंत काळजीपूर्वक वागले आणि शंभरातल्या ९८ खबरा बरोबर आल्या, तरी रोज १५० वेळा यंत्रणेच्या मनातली गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांत फारकत होणार, म्हणजे तासाला सहा वेळा. आता विचारण्याचा प्रश्न बदलतो. खबर चुकेल का, हा प्रश्न उरत नाही. तासाला सहा चुका कुणाच्या नजरेला पडतील, त्या दुरुस्त करायला किती मिनिटे लागतील आणि तोवर त्या गाडीला यंत्रणा काय समजेल, हे प्रश्न पुढे येतात. त्यांची उत्तरे हीच खरी गरज आहे. तीन ओळींचा हा हिशेब १९९१ मध्ये कुणी टेबलावर मांडला असता, तर अपवाद-सूचनांची यादी हा यंत्रणेचा कोपरा न राहता मुख्य पडदा झाला असता.

‘कर्मचारी दिलेलीच गाडी घेतील’ हीसुद्धा तशीच समजूत. ती चुकीची आहे हे कळायला प्रश्नावली पुरत नाही. ‘तुम्ही नेमून दिलेलीच गाडी घेता का’ असे बैठकीत विचारले, तर होकार मिळतो, कारण नियम तसा आहे आणि समोर साहेब बसलेले आहेत. पहाटेच्या पाळीला ठाण्यावर एक तास उभे राहिले, तर कुणीतरी सवयीच्या गाडीची किल्ली उचलताना दिसतो. का, असे तिथे विचारले तर त्याच्याकडे कारण असते, आणि पुष्कळदा चांगले असते. मग दोनच मार्ग उरतात: ते कारण दूर करणे, किंवा गाडी बदलल्याची नोंद दोन सेकंदांत करता येईल अशी सोय देणे. ती वागणूक नाहीच असे मानणे हा तिसरा मार्ग इथे निवडला गेला.

दुबार कॉलचेही तसेच. पट्ट्याच्या टोकाच्या माणसाचे कामाचे वर्णन वाचून त्याची जागा काढून टाकता येते; त्याच्या शेजारी बसून, त्याने बाजूला ठेवलेला प्रत्येक फॉर्म उचलून ‘हा का काढलात’ असे विचारल्याशिवाय त्याच्या कामाची जागा भरता येत नाही. मी स्वतः गरजा गोळा करताना मुलाखतीपेक्षा अशा बाजूला पडलेल्या कागदांवर जास्त विश्वास ठेवतो. समासात पेन्सिलीने लिहिलेली खूण, खोडलेला आणि पुन्हा लिहिलेला आकडा, टेबलाच्या काचेखाली ठेवलेली चिठ्ठी, यांत अधिकृत पद्धत जिथे अपुरी पडते ती जागा सापडते.

एक आक्षेप इथे घेतला जातो आणि तो गंभीर आहे. कर्मचारीच सहकार्य करायला तयार नव्हते, तर विश्लेषकाने काय करायचे? माझ्या मते अशा वेळी त्याच्या हाती तीन गोष्टी असतात. पूर्ण साखळी एकदम बदलण्याऐवजी, सहकार्यावर सगळ्यांत कमी अवलंबून असलेला टप्पा आधी घ्यावा. लोक बोलत नसतील तर नोंदी बोलतात. जुने फॉर्म आणि वायरलेसच्या नोंदवह्या चाळाव्यात. आणि ज्या भागाबद्दल माहितीच मिळाली नाही तो भाग संगणकाच्या निर्णयावर सोडू नये. नाराज माणसांच्या अचूक खबरांवर चालणारी यंत्रणा मागणे, हा त्या परिस्थितीतला सगळ्यांत धोक्याचा पर्याय होता. त्यासाठी कर्मचाऱ्यांना दोष देणे मला न्याय्य वाटत नाही.

दुसरी सुरुवात

पुढच्या यंत्रणेला कर्मचाऱ्यांचा विश्वास आणि आपलेपणा लाभला पाहिजे, ती टप्प्याटप्प्याने आणली पाहिजे आणि सल्लामसलत, चाचणी व प्रशिक्षण यांना पुरेसा वेळ दिला पाहिजे, अशी शिफारस चौकशी समितीने केली. सेवेने ती मनावर घेतली. आधी कक्षाची आणि गाड्यांची मूलभूत स्थिती सुधारण्यावर भर दिला गेला. नवी यंत्रणा सेवेतल्याच लोकांनी बांधली. कच्चे नमुने करून ते कक्षातल्या कर्मचाऱ्यांना वापरायला दिले आणि त्यांच्या सांगण्यावरून बदलले.

१९९६ च्या जानेवारीत तिचा पहिला भाग सुरू झाला तेव्हा त्यात गाडीची निवड नव्हती. त्यात फक्त कॉल घेण्याचे काम होते: पत्ता आणि घटनेची माहिती पडद्यावर भरून ती वाटप करणाऱ्याकडे पोहोचवणे, म्हणजे नकाशाचे पुस्तक आणि सरकता पट्टा यांच्या जागी येणारा तेवढाच तुकडा. पुढचे भाग त्यावर एकेक करून चढवले गेले. १९९७ मध्ये या कामाला ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीचा पुरस्कार मिळाला. फक्त कॉल घेण्यापासून सुरू झालेली ती यंत्रणा २०१२ पर्यंत वापरात होती.